पॉइंटनंतरचे चार आकडे

मराठवाड्यात इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेल्या माणसाला रात्री दोन वाजता झोपेतून उठवा आणि विचारा, "एक्सचा घन वजा दोन एक्स वजा पाच बरोबर शून्य. मूळ किती?" डोळे न उघडता तो म्हणेल, "टू पॉइंट झिरो नाइन फोर फाइव्ह," आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागेल. स्वतःच्या मोटारसायकलचा नंबर त्याला सांगता येणार नाही, पण हे मूळ हाडात शिरलेलं असतं.

याचं कारण, हा जर्नलमधला प्रयोग क्रमांक दोन. क्रमांक एक बायसेक्शन, दोन न्यूटन-रॅफसन, मग गाउस एलिमिनेशन, गाउस-सायडल, लॅग्रांज, सिम्पसन, आणि सगळ्यात शेवटी रुंगे-कुट्टा. पोरं त्याला 'आरके फोर' म्हणतात. त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर सेमिस्टर आटोपलेलं असतं, त्यामुळे बिचारा दरवर्षी 'घरून लिहून आणा' या खात्यात जमा होतो.

संभाजीनगरच्या एका कॉलेजात मी हा विषय बावीस वर्षं शिकवला. विषयाचं नाव न्यूमेरिकल मेथड्स, आणि तो कॉम्प्युटरवर शिकवायचा असतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. माझे पीएफचे काही कागद अजून तिथल्या एका कपाटात आहेत.

तर हे समीकरण. बरीच वर्षं मला वाटायचं, सिलॅबस कमिटीतल्या कुणीतरी चहा पिता पिता ते सुचवलं असणार. मग एकदा लायब्ररीत चाळता चाळता कळलं की हे खुद्द न्यूटनचं आहे. 1669 साली त्यानं आपली पद्धत लिहून काढली, तेव्हा उदाहरणाला नेमकं हेच समीकरण घेतलं होतं. सुरुवातीचा अंदाज धरला 2. त्यात 0.1 मिळवून 2.1 केला. मग 0.0054 वजा केले, मग आणखी 0.00004853 वजा केले आणि उत्तर काढलं 2.09455147. म्हणजे साडेतीनशे वर्षं झाली, जर्नलमध्ये तेच गणित आणि तेच उत्तर. न्यूटनला झेरॉक्सची सोय नव्हती, एवढाच काय तो फरक.

गंमत अशी, की न्यूटनचा शेवटचा आकडा चुकलेला आहे. 7 च्या जागी 8 हवा. आमच्याकडच्या एक्स्टर्नलनं अर्धा मार्क कापला असता. वर 'फ्लोचार्ट कुठाय?' म्हणून दुसरा अर्धा.

नावांचाही घोळच आहे. न्यूटननं लिहिलेलं छापून आलं 1711 साली. मधल्या काळात, 1690 मध्ये, जोसेफ रॅफसननं त्याच कल्पनेची सुटसुटीत आवृत्ती छापून टाकली. आणि आज आपण ज्या रूपात ती फळ्यावर लिहितो, डेरिव्हेटिव्ह भागिले वगैरे, ते रूप 1740 मध्ये थॉमस सिम्पसननं दिलं. त्याचं नाव मात्र या पद्धतीला नाहीच. त्याचं नाव लागलं 'सिम्पसन रूल'ला, जो त्याच्या कितीतरी आधी केप्लर दारूच्या पिंपांवर वापरून मोकळा झाला होता. गणपती मंडळाच्या पावतीवर अध्यक्ष एक, वर्गणी मागत दारोदार हिंडणारा दुसरा आणि आरतीचं ताट तिसऱ्याच्या हातात, त्यातलाच प्रकार. हिमरू विणणाऱ्या आमच्या गावाला ऐकून बरं वाटेल, की हा सिम्पसन मूळचा विणकर. मागावर बसूनच तो गणित शिकला.

हे सगळं सेमिनारमध्ये सांगितलं की मागच्या रांगेतून एक गृहस्थ हटकून उठतात आणि म्हणतात, "हे आपल्याकडे आधीच होतं." एरवी मी अशा वेळी पाण्याचा ग्लास उचलतो. पण या विषयात त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे, त्यामुळे पंचाईत होते. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं की पाटण लागतं. भास्कराचार्यांच्या घराण्याचं हे गाव. 61 ला एका पूर्ण वर्गानं गुणून त्यात 1 मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग मिळाला पाहिजे, असं एक गणित त्यांनी चक्रवाल पद्धतीनं सोडवलं. एक अंदाज घ्यायचा, तो सुधारायचा, सुधारलेला पुन्हा चाकात घालायचा. उत्तर आलं 22,61,53,980 आणि 1,76,63,19,049. हातानं, बाराव्या शतकात. हेच गणित 1657 मध्ये फर्मानं युरोपातल्या गणित्यांना आव्हान म्हणून टाकलं. पाटणला 1207 सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला देणग्या मिळाल्या, असं त्यात कोरलंय. आजोबांचं पुस्तक सिलॅबसला लावण्याची ही परंपरा तेव्हापासूनची असावी.

*

ज्यांनी हा विषय घेतला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जगातली बहुतेक गणितं सुटत नाहीत. ही बातमी बारावीपर्यंत पोरांपासून लपवून ठेवलेली असते. इंजिनिअरिंगला आल्यावर ती हळूच फोडली जाते आणि सांगितलं जातं, की सुटत नसेल तर अंदाज करा. अंदाज चुकेल. किती चुकला ते बघा, तेवढा सुधारा आणि पुन्हा चुका. चूक आपल्याला चालेल इतकी बारीक झाली की थांबा. झाला विषय. बाकीचं सेमिस्टर म्हणजे चुकायच्या निरनिराळ्या शिस्तशीर तऱ्हा.

ही विद्या आमच्या आत्याला उपजत होती. पाणचक्कीजवळच्या दुकानात ती हिमरू शाल घ्यायला गेली, तेव्हा मी शाळेत होतो. दुकानदार म्हणाला 1600, आत्या म्हणाली 400. मधला आकडा 1000. आत्यानं तोंड वाकडं केलं. 400 आणि 1000 च्या मधला 700. आता दुकानदारानं तोंड वाकडं केलं. 700 आणि 1000 च्या मधला 850, आत्याचं तोंड वाकडं. मग 775. इथं दोघंही गप्प झाली, सुतळी बांधली गेली. पुढे पंधरा वर्षांनी एमएस्सीला बायसेक्शन शिकलो तेव्हा प्राध्यापक सांगत होते, "एका टोकाला फंक्शन धन पाहिजे, दुसऱ्या टोकाला ऋण, म्हणजे मूळ मध्ये कुठेतरी असतंच." माझ्या डोळ्यांसमोर दोन वाकडी तोंडं आली. थांबायची अटही आत्याकडं होती: शंभर रुपयांच्या आत घासाघीस आली की पदर खोचायचा आणि पैसे काढायचे. प्रोग्राममध्ये हीच अट लिहायची पोरं विसरतात आणि मग कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत घासाघीस करत बसतो.

न्यूटनची पद्धत आत्यापेक्षा चपळ आहे, पण लहरी. पहिला अंदाज बरा असेल तर चार उड्यांत मुक्कामी. वाईट असेल तर विचारू नका. एका वर्षी वैजापूरकडच्या एका पोरानं सुरुवातीचा अंदाज 0 घेतला. विचारलं, शून्य का? म्हणाला, "सर, आजोबा म्हणतात, कुठल्याबी कामाला शून्यापासून सुरुवात करावी." आजोबांपुढं काय बोलणार? प्रोग्राम चालवला. 0 वरून उणे 2.5. तिथून उणे 1.57. तिथून उणे 0.5. आता येतंय असं वाटेस्तोवर उडी मारून उणे 3.82. तिथून पुन्हा उणे 2.55, उणे 1.61, उणे 0.58, आणि मग थेट उणे 4.6. मूळ बसलंय शून्याच्या अलीकडं, धन बाजूला, आणि हे पोरगं पलीकडं गोल गोल. नवीन रिक्षावाल्याला सिडकोतलं 'एन-सहा' विचारलं आणि त्यानं एन-सात, एन-आठ, एन-नऊ दाखवून परत एन-सातला आणलं, तशी गत.

मला मनापासून आनंद झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या लॅबमध्ये काहीतरी घडलं होतं. सगळ्या बॅचला त्या पोराच्या पीसीभोवती गोळा केलं. डेरिव्हेटिव्ह कुठं शून्याजवळ जातं, स्पर्शिका कशी आडवी पडते आणि माणसाला कुठल्या कुठं भिरकावते, हे पाऊण तास समजावलं. पोरं माना डोलवत होती. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "सर, मग जर्नलात काय लिहू?"

"हेच लिही."

त्यानं बाजूच्याकडं पाहिलं. पुढच्या आठवड्यात जर्नल आलं. सुरुवातीचा अंदाज 2, उत्तर 2.0945.

*

जर्नल या वस्तूविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. एक बाजू रेघी, एक बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर फ्लोचार्ट, तो प्लॅस्टिकच्या हिरव्या पट्टीतून पेन्सिलीनं काढायचा. रेघी बाजूवर एम, थिअरी, अल्गोरिदम, प्रोग्राम, आउटपुट आणि शेवटी कन्क्लुजन. कन्क्लुजन सर्व प्रयोगांना एकच: 'दस वी हॅव स्टडीड', पुढं पद्धतीचं नाव. आउटपुटही हातानं लिहायचं. कॉम्प्युटरनं एका सेकंदात काढलेला तक्ता पोरगं रात्री दोनपर्यंत जागून सहा ओळींत, पट्टी मारून, पॉइंटनंतर चार आकड्यांपर्यंत उतरवतं. कॉम्प्युटरमुळं वेळ वाचतो म्हणतात, त्या वाचलेल्या वेळाचं आम्ही काय करतो ते यावरून कळेल.

आणि कॉम्प्युटर तरी कसला? पीसी नवे आले, भिंतीवर एसी आला, पण स्क्रीन तीच निळी. बोरलँडचा टर्बो सी हा 1987 सालचा. नव्या विंडोजवर तो आपण होऊन चालेना, म्हणून डॉसबॉक्स नावाची एक पेटी टाकून तिच्यात त्याला बसवला. पुण्याला मोठ्या कंपनीत लागलेला माझा एक विद्यार्थी सांगत होता, पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं प्रोग्रामच्या वरच 'सीएलआरएससीआर' लिहिलं. शेजारच्या मुलीनं विचारलं, हे काय? तो म्हणाला, आमच्याकडं शुभकार्याआधी पाटी पुसून घेतात.

या साऱ्यात पोरांनी शोध लावला नसता तरच नवल. उत्तर आधीच माहीत असलेल्या प्रश्नाला पद्धत कशाला लागते? एका पोराच्या प्रोग्राममध्ये लूपच नव्हता. वर सगळी सजावट यथासांग, खाली एकच ओळ: प्रिंट करा 2.0945. मी म्हटलं, "अरे, इटरेशन कुठाय?" तो म्हणाला, "सर, माझं पहिल्याच फटक्यात येतं." दुसरा जास्त मेहनती. त्यानं सातही इटरेशनच्या ओळी एकामागून एक छापल्या होत्या, मागच्या वर्षीच्या जर्नलवरून. त्यातल्या पाचव्या ओळीत एक आकडा इकडचा तिकडं झाला होता. मी चिकाटीनं माग काढला, तर तो आकडा पाच वर्षं मागच्या बॅचपासून तसाच चालत आलेला. एका पोराची झोप लागली म्हणून सांडलेला आकडा, आणि पुढच्या पाच पिढ्यांनी तो इमानेइतबारे सांभाळला. चूक सांभाळायची पद्धत मात्र त्यांनी उत्तम आत्मसात केली होती. फक्त ती सिलॅबसमध्ये नव्हती.

हल्ली हा वारसाही तुटला. आता चॅटबॉटला सांगितलं की प्रोग्राम मिळतो, इतका नेटका की वाचताना आपण जेवणाआधी हात धुतले नाहीत असं वाटावं. ओळीओळीवर समजावणीच्या टिपा. मी व्हायवात विचारतो, "हे टॉलरन्स म्हणजे काय रे?" पोरगं म्हणतं, "सहनशीलता, सर." आणि तेवढं बरोबर उत्तर माझ्या बावीस वर्षांत दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

खरं तर ज्यांनी ही साधनं केली त्यांचा हेतू फार सरळ होता. क्लीव्ह मोलर नावाचे प्राध्यापक न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठात शिकवायचे. मॅट्रिक्सची गणितं करणारे तयार प्रोग्राम होते, पण ते वापरायचे तर फोरट्रान लिहायला लागायची. विद्यार्थ्यांची त्यातून सुटका व्हावी म्हणून 1970 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी मॅटलॅब रचलं. पोरांना गणिताशी खेळता यावं, इतकाच उद्देश. 1984 मध्ये त्याची कंपनी झाली आणि मग लायसन्सचा आकडा आमच्या कॉलेजच्या अकाउंट सेक्शननं बघितला. तो कागद मी पुन्हा पाहिला नाही. मग आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं सायलॅब या फुकटच्या पर्यायासाठी मोठं काम केलं. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं देशभरच्या विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये उतरवून घेतली. त्यांच्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठी आवाजातले धडेही आहेत. मी लॅबमध्ये सायलॅब टाकून घेतलं. पोरं खूश झाली. एका ओळीत मूळ निघतं! मग जर्नलचं काय, हा प्रश्न उभा राहिला. सहा पानी प्रयोग एका ओळीत आटोपला, तर टर्मवर्कचे मार्क कशाला द्यायचे? विभागाची मीटिंग झाली. दोन तास चालली. सायलॅब ठेवावं, पण प्रोग्राम टर्बो सीमध्येच लिहावा, असा निर्णय सर्वानुमते झाला.

*

मी तरी वेगळं काय करत होतो? मीही दर वर्षी तीच उदाहरणं दिली. एकदा मात्र अंगात आलं आणि मी सिलॅबसबाहेरचं शिकवलं. कॉम्प्युटरला म्हटलं, 0.1 दहा वेळा मिळव. उत्तर आलं 0.9999999999999999. पोरं आ वासून बघत राहिली. कॉम्प्युटर चुकला! मी सांगितलं, की दशांशात एकतृतीयांश लिहिताना आपली जशी तीन-तीन-तीन अशी शेपूट लांबत जाते, तशी कॉम्प्युटरची दोनाच्या पद्धतीत एकदशांश लिहिताना लांबते. जागा संपली की तो शेपूट छाटतो. छाटलेलं चिमूटभर प्रत्येक बेरजेत साचत जातं. गुलमंडीवरच्या किराणा दुकानात सुटे नाहीत म्हणून दुकानदार रुपयाऐवजी चॉकलेट हातावर ठेवतो, तसं. एकदा काही वाटत नाही. वर्षभराची चॉकलेटं एका बरणीत जमवून बघा.

त्या भरात मी स्लाइपनरची गोष्टही सांगितली. नॉर्वेतला समुद्रात उभा करायचा काँक्रीटचा अवाढव्य प्लॅटफॉर्म, स्लाइपनर ए. 23 ऑगस्ट 1991 ला खाडीत पाणी भरून चाचणी चालू असताना त्याची एक भिंत फुटली आणि सगळं धूड तळाला गेलं. माणसं वाचली. चौकशीत निघालं, की कॉम्प्युटरवर ताण मोजताना त्या भिंतींच्या सांध्यापाशी जाळी फार मोठ्या डोळ्यांची घेतली होती. त्यामुळं कातरणारा ताण खऱ्यापेक्षा 47 टक्के कमी दिसला आणि सळया अपुऱ्या पडल्या. नंतर कॉम्प्युटरवरच जास्त काळजीनं पुन्हा हिशेब केला, तेव्हा भिंत 62 मीटर खोलीला फुटेल असं उत्तर आलं. ती फुटली होती 65 मीटरला. मी हे सांगताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मला वाटलं, जिंकलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "सर, ही थिअरीला किती मार्काला येते?"

*

आता पाण्याचं. आमच्या सोसायटीत नळाला पाणी रोज येत नाही, हे या शहरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ते आठवड्यानं येतं, कधी नऊ दिवसांनी. नेमकं कधी, यावर वॉचमनच्या खुर्चीभोवती दररोज परिसंवाद भरतो. वॉचमनकाकांकडं एक वही आहे, तिच्यात ते तारखा टिपतात. मी वही मागून घेतली. महिन्याच्या नोंदी होत्या 1, 9, 16 आणि 25. चार बिंदू मिळाल्यावर माझ्यासारख्या माणसाला राहवणार कसं? लॅग्रांजची पद्धत लावली, चारही बिंदूंतून तंतोतंत जाणारी त्रिघाती बहुपदी बसवली आणि पुढचं पाणी कधी येईल ते काढलं. उत्तर आलं 39 तारखेला.

मी दोनदा तपासलं. सूत्र बरोबर होतं. महिना चुकीचा असणार. 25 नंतर चौदा दिवस, म्हणजे पुढच्या महिन्याची 8 किंवा 9. सोसायटीच्या सेक्रेटरींना तसं सांगितलं. माणूस गणिताचा प्राध्यापक, त्यामुळं त्यांनी विश्वास ठेवला आणि टँकर मागवला. वॉचमनकाका फक्त एवढंच म्हणाले, "सर, आठ-नऊ दिवसांनी येतंय ना? मग 33 ला येईल." मी त्यांना रेषीय अंदाजाच्या मर्यादा समजावून सांगितल्या. खरं तर रुंगेनं 1901 सालीच बजावून ठेवलंय, की बिंदू सारख्या अंतरावर असले आणि बहुपदीचा घात वाढवत नेला, की ती मध्ये सरळ वागते आणि टोकाला पिसाळते. मी तर टोकाच्याही पलीकडं गेलो होतो. पण 'घरून लिहून आणा' या खात्यातल्या माणसाचं आम्ही कधी ऐकलंय!

टँकर 32 व्या दिवशी आला. नळाला पाणी 33 ला आलं. वॉचमनकाकांनी वहीत ते लिहिलं आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, ही त्यांची माणुसकी.

टँकर आला त्या दिवशी माझ्याकडं तिसऱ्या वर्षाची दोघं जण प्रोजेक्टच्या कागदावर सही घ्यायला आलेली होती. एक फुलंब्रीचा मुलगा आणि एक गावातलीच मुलगी. प्रोजेक्ट होता स्मार्ट डस्टबिन. दरवर्षी तो कुणीतरी करतंच आणि दरवर्षी व्हायवाच्या वेळी त्याचं झाकण उघडत नाही. टँकरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं 10,000 लिटर. पैसेही तेवढ्याचे. त्या मुलीनं टँकरकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "सर, दहा हजार वाटत नाही हो हा."

घरातून टेप आणला. टँकर चार मीटर लांब. मागची झाकणपट्टी लंबगोल, मधोमध रुंदी 2 मीटर, उंची 1.4 मीटर. मुलगा मागच्या शिडीवर चढून ठरावीक उंचीवर टेप आडवा धरत होता, मुलगी खाली माझ्या वीजबिलाच्या पाठीमागं आकडे लिहीत होती. ड्रायव्हर सुरुवातीला कुतूहलानं, मग संशयानं बघायला लागला. चार पट्ट्या पाडून सिम्पसन लावला. आलं 8,333 लिटर.

"काय झालं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"काका, तुमचा टँकर सोळासतराशे लिटर कमी भरतोय."

"असं कसं? कुणी सांगितलं?"

"सिम्पसननं," मुलगा शिडीवरून म्हणाला.

"हे कोण?"

मी म्हणालो, थांबा, गडबड करू नका. लंबगोलाच्या टोकाशी सिम्पसन जरा कमी दाखवतो. तिथं कड उभी असते. पट्ट्या दुप्पट करून बघा. त्यांनी आठ पट्ट्या पाडल्या. 8,634. ड्रायव्हरचा चेहरा जरा खुलला. सोळा पट्ट्या पाडल्या. 8,739. आता तो पुढं सरकला, वीजबिलावर वाकला आणि बोटानं तिन्ही आकडे क्रमानं वाचले.

"म्हणजे पट्ट्या वाढवल्या की पाणी वाढतंय?"

"हो, पण..."

"मग वाढवा की! दहा हजार होईस्तोवर वाढवा. मला काई घाई नाही."

मी बावीस वर्षं कन्व्हर्जन्स शिकवलं. तो प्रश्न इतका नेमका मला कुणी विचारला नव्हता. मुलगी खाली बसली आणि मातीत काडीनं आकडे लिहून त्याला दाखवू लागली. बघा, आधी तीनशेनं वाढलं, मग शंभरानं, आता चाळीसनं वाढेल, मग दहा-पंधरानं. कितीही पाडल्या तरी 8,796 च्या पुढं जात नाही. ड्रायव्हर उकिडवा बसून बघत होता. त्यानं एकदा काडी स्वतःच्या हातात घेतली आणि पुढचा आकडा अंदाजानं लिहिला. थोडा चुकला. तिनं तो पुसला नाही, त्याच्या बाजूला बरोबर आकडा लिहिला.

मग तो उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "ताई, मी जिथनं भरून घेतो ना, तिथं माझ्याकडनं दहा हजाराचेच घेतात. रोज सहा खेपा, वरसं झाली. हा टेप तिकडं घेऊन चला बरं एकदा."

पाइप लावला, मोटर चालू झाली. दोघं पोरं टाकीशेजारी उभी राहून आपापसांत काहीतरी कुजबुजत होती. मग मुलगा प्रोजेक्टचा कागद घेऊन माझ्याकडं आला.

"सर, विषय बदलता येईल का?"

विषय बदलायची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. मी मागची तारीख टाकून सही केली.